पहिल्या ठिणगीचा मान

पूर्वी सकाळी मालमड्डीच्या रस्त्यावरून पडपडपड असा आवाज गेला की लोक म्हणायचे, "मास्तर शाळेला निघाले." तो आवाज माझा. मी मुकुंदमास्तरांची येझदी मोटारसायकल. आता बराचसा वेळ धारवाडच्या घरालगत पत्र्याच्या शेडमध्ये उभी असते. तुम्ही आलाच आहात तर घटकाभर टेका. माझी हकीकत सांगते. तक्रार मात्र फार ऐकायला मिळणार नाही, कारण मला बहुतेक आभारच मानायचे आहेत.

माझा जन्म मैसूरचा. तिथल्या कारखान्यानं ही विद्या चेक देशातून आणली होती. म्हणून मी म्हणते, माहेर मैसूर आणि आजोळ परदेशात. त्या आजोळची एक खूण माझ्या अंगावर आहे. इतर गाड्यांना किक वेगळी, गिअर वेगळा. माझ्या डाव्या अंगाला एकच दांडा. आत दाबून वर उभा केला की ती किक. गाडी सुरू झाल्यावर पुढं आडवा केला की तोच गिअर. ज्याला हे ठाऊक नसतं तो माझ्याभोवती प्रदक्षिणा घालतो आणि शेवटी विचारतो, "हिची किक कुठं आहे हो?" अशा प्रदक्षिणा मी हुबळी-धारवाडात पुष्कळ पाहिल्या.

नव्वद सालानंतर लवकरच मी मास्तरांच्या घरी आले. डाळिंबी रंग, चकचकीत टाकी, दोन्ही बाजूंना लांब नळकांडी. विमलाबाईंनी पुढच्या चाकाखाली लिंबू ठेवलं, हँडलला हळदकुंकू लावलं आणि नवऱ्याला बजावलं, "अहो, शाळेत पोरांना सांगता तसं स्वतःही हळू जा." मास्तर शाळेत विज्ञान शिकवायचे. त्यांनी मान डोलावली. पाय माझ्यावर ठेवण्याआधी त्यांनी मला हात लावून तो कपाळाशी नेला. ही सवय त्यांनी कधी सोडली नाही. माणसं रोज ज्याच्यावर पाय ठेवतात त्याला रोज नमस्कार करत नाहीत. माझे मास्तर करायचे.

माझ्या जातीच्या गाड्या बाळगणाऱ्यांची हुबळी-धारवाडात एक टोळी होती. टोळीचा गुरू हणमंत मेस्त्री. त्याचं गॅरेज हुबळीच्या कमरीपेठेत, आणि स्वतःची गाडी माझ्याहून जुनी. दुसरे श्रीहरी वकील. त्यांना कोर्टात जेवढं बोलायला मिळत नसे तेवढं ते रविवारी गॅरेजात बोलून घेत. रविवारी सगळ्यांनी मिळून कुठंतरी लांब जायचं, चहा प्यायचा आणि परत यायचं. बायका विचारत, "एवढ्या लांब चहाला?" तोवर टोळी किका मारून निघालेली असे.

दिवाळीच्या पाडव्याला मात्र ठिकाण ठरलेलं. अळणावरच्या वाटेवर नागोजींचं शेत होतं. नागोजी मास्तरांच्या जुन्या विद्यार्थ्याचे वडील. शेताच्या वरच्या अंगाला मुरमाड माळ, ना गवत ना झाड. शहरात दाराशी फटाके उडवले की म्हाताऱ्यांचे आणि तान्ह्या पोरांचे हाल होतात, म्हणून मास्तरांनीच हा माळ शोधला होता. सगळ्यांनी आपापले फटाके तिथं न्यायचे, नागोजींच्या वाडीवरच्या पोरांबरोबर उडवायचे, आणि नागोजींच्या बायकोच्या, म्हणजे यमुनावहिनींच्या, हातच्या करंज्या खाऊन परत फिरायचं.

पहिल्याच वर्षी फजिती झाली. माळाच्या अलीकडं एक ओढा आहे. तो ओलांडताना श्रीहरी वकील गाडीसकट पाण्यात बसले. त्यांना लागलं काहीच नाही. पण टोळीत विडी-सिगारेट ओढणारे ते एकटेच, त्यामुळं काड्यापेट्याही त्यांच्याच खिशात होत्या.

"वकीलसाहेब, ओढ्यानं पुरावा जप्त केला की हो!" हणमंत म्हणाला.

"ओढ्यावर खटला भरतो," वकील धोतर पिळत म्हणाले.

फटाके कोरडे आणि काड्या ओल्या. वाडी तिथून बरीच लांब. पोरं हिरमुसली. तेव्हा मास्तर म्हणाले, "थांबा रे. विस्तव आपल्याजवळच आहे."

त्यांनी माझ्या पेट्रोलचा नळ बंद केला. प्लग काढला. प्लगच्या भोकावर फडकं ठेवलं, टाकीवर ओलं पोतं टाकलं. मग प्लग वायरीला जोडून माझ्या अंगाला टेकवून धरला आणि हणमंतला सळीच्या टोकाला बांधलेला पेट्रोलात भिजवलेला काकडा त्याच्याजवळ न्यायला सांगितलं. मला नमस्कार करून त्यांनी दांड्यावर पाय दाबला. निळी ठिणगी उडाली. काकडा भक्‌ करून पेटला. त्यावरून पणती लागली आणि पणतीवरून पहिला भुईनळा.

पोरं ओरडली. यमुनावहिनींनी पदर सावरून पणतीला हात जोडले. म्हणाल्या, "मास्तर, ह्यो इस्तू गुणाचा हाय. दर साली ह्योच पेटवायचा बगा."

झालं, रीत पडली. पुढल्या पाडव्यापासून काड्यापेट्या असल्या तरी कुणी काढत नसे. गाड्या गोल उभ्या राहायच्या. दिवे लावून मधला माळ उजळायचा. मग सगळे दिवे मालवायचे, पोरांनी श्वास धरायचा, आणि मास्तरांनी माझ्या दांड्यावर पाय दाबायचा. पहिल्या ठिणगीचा मान माझा, पाय मास्तरांचा. वर्षभर मी वह्या वाहिल्या, भाजी वाहिली, गॅसच्या टाक्या वाहिल्या. पण त्या एका क्षणासाठी मी जन्मले असं मला वाटायचं.

पुढं मैसूरचा कारखाना बंद पडला. टोळीतल्या गाड्या त्या रविवारी गॅरेजात नुसत्याच उभ्या राहिल्या. हणमंत म्हणाला, "होगलि बिडरी सर, जाऊ द्या. आहेत तेवढ्या आपण सांभाळू." आणि त्यानं शब्द पाळला. सुटा भाग मिळाला नाही तर तो घडवायचा. त्याच्या काळ्या हातांचे माझ्यावर फार उपकार आहेत.

मास्तरांची एकुलती मुलगी वेदश्री. टाकीवर बसून ती शाळेत गेली, मागच्या सीटवर बसून कॉलेजात गेली, आणि एक दिवस बापाला मागं बसवून स्वतःच मला चालवत बाजारात गेली. मालमड्डीतल्या चार खिडक्या उघडल्या. मास्तर मागं ऐटीत बसले होते. मग तिला परदेशी शिष्यवृत्ती मिळाली. कुठं? माझ्या आजोळी! चेक देशातल्या ब्रनो गावी ती पाणी शुद्ध करायचं शास्त्र शिकायला गेली.

तिथली एक गोष्ट तिनं पुढं या शेडशेजारी बसूनच आईला सांगितली, म्हणून मला ठाऊक. गेल्या गेल्या तिला घरची फार आठवण यायची. एकदा रस्त्याकडेला तिला माझ्या जातीची जुनी गाडी दिसली. मालक किकवर किक मारत होता आणि गाडी ऐकत नव्हती. वेदश्री काही न विचारता पुढं झाली. दांडा आत दाबून वर केला, नमस्कार केला आणि एका किकेत गाडी सुरू केली. मालक बघतच राहिला. त्याचं नाव तोमाश. त्याची बायको याना. त्यांच्या घरी वेदश्रीला दुसरं घर मिळालं. परक्या मुलखात माझ्या पोरीला ज्यांनी सूप पाजलं, थंडीत कोट दिला, त्यांचे आभार मी कुठल्या भाषेत मानू?

इकडं मात्र दिवस फिरले. निवृत्तीनंतर थोड्याच काळात मास्तरांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. ते वाचले, काठी घेऊन चालूही लागले. पण डावा पाय मागं ओढला जाई, डावा हात नीट उचलत नसे. आणि माझा दांडा डाव्याच अंगाला.

एकदा घरात कुणी नसताना ते शेडमध्ये आले. मला नमस्कार केला. काठी भिंतीला टेकवून त्यांनी पाय उचलला, तो दांड्यापर्यंत पोचलाच नाही. पुन्हा उचलला. मग ते माझ्या टाकीवर उजवा हात ठेवून नुसते उभे राहिले. त्या हाताची ऊब मला अजून आठवते. आत जाऊन त्यांनी विमलाबाईंना सांगितलं, "गाडीवर चादर घाला. धूळ बसते." त्या पाडव्याला माळावर मास्तर नव्हते, मी नव्हते. टोळीनं काडी ओढून दिवाळी केली. चादरीखाली माझ्या सीटवर मांजरीनं संसार थाटला, आणि तिच्या पिल्लांमुळंच तेवढी मला सोबत झाली.

पुढच्या दिवाळीला वेदश्री परत आली. कायमची आली. नातेवाईक म्हणाले, "तिकडं राहायचं सोडून इथं काय करणार?" ती म्हणाली, "वाडीवरच्या विहिरींचं पाणी तपासणार. तिथलं पाणी पिऊनच मी फटाके उडवले ना?" आणि तिच्याबरोबर पाहुणे होते, तोमाश आणि याना. त्यांना पाडव्याची ठिणगी बघायची होती. ब्रनोत तिनं दुसरं सांगितलं होतं तरी काय!

मास्तर एवढंच म्हणाले, "गाडी नादुरुस्त आहे."

दुसऱ्याच दिवशी हणमंत बॅटरी खांद्यावर घेऊन दारात हजर. "येनरी सर, काय हे, माझ्या हातची गाडी नादुरुस्त कशी होईल? बदनामी करता काय माझी?" त्यानं पिल्लांना टोपलीत हलवलं, माझे पॉइंट घासले, कार्बोरेटर धुतला. संध्याकाळपर्यंत मी बोलू लागले.

मास्तर खुर्चीत बसून बघत होते. मग हळू आवाजात म्हणाले, "वेदा, पाहुणे एवढ्या लांबून आलेत, म्हणून येतो. किक तू मार. मी बाजूला खुर्चीत बसेन, मला कुणी पुढं ओढायचं नाही. आणि हे शेवटचं. पाडवा झाला की हणमंत, ही तू घेऊन जा. कुणाला तरी उपयोगी पडू दे."

"अप्पा, असं काय बोलता?"

"ज्याला किक मारता येत नाही त्यानं गाडी कशाला ठेवायची?"

हणमंत हत्यारं पिशवीत भरू लागला. विमलाबाई आत निघून गेल्या. मला भीती विकलं जाण्याची नव्हती. मला कळत होतं की हा माणूस माझ्याबरोबर स्वतःलाही चादरीखाली घालून ठेवणार आहे.

दिवाळीच्या दिवसांत पाहुण्यांनी घर भरून गेलं. तोमाश माझ्याभोवती फिरला, पण प्रदक्षिणा घालायला नव्हे. तो दांड्याकडं थेट गेला आणि लहान मुलासारखा हसला. विमलाबाईंनी यानाला हुबळीच्या दाजीबानपेठेतून इरकल साडी आणली. ती तिनं पँटवरच गुंडाळली. तिला शिकायची भारी हौस. एकदा तिचा पाय चुकून पुस्तकाला लागला, तेव्हा विमलाबाईंनी समजावलं, "असं झालं की हात लावून डोळ्यांना लावायचा. विद्येला, अन्नाला, कामाच्या वस्तूला पाय लावत नाहीत." वेदश्रीनं तिला ते तिच्या भाषेत सांगितलं. त्या दिवसापासून याना सगळ्यांनाच नमस्कार करू लागली. सुपाला केला, पाटाला केला, पायपुसण्यालाही केला.

"अगं, त्याला नको! ते पायांसाठीच आहे," विमलाबाई हसून हसून बेजार झाल्या.

पाडव्याच्या सकाळी माझी पूजा झाली. हळदकुंकू, झेंडूचा हार, चाकाखाली लिंबू. यानानं सगळं बारकाईनं बघितलं आणि मनात काहीतरी धरून ठेवलं.

दुपार कलल्यावर निघालो. वेदश्री मला चालवत होती, मागं याना. तोमाशला हणमंतनं आपल्या मागं घेतलं. मास्तर आणि विमलाबाई श्रीहरी वकिलांच्या मोटारीत. वकिलांनी नुकतीच मोटार घेतली होती, आणि ओढ्यापाशी हणमंत ओरडलाच, "वकीलसाहेब, आता चार चाकं आहेत, बसू नका बरं पाण्यात!"

"तू फी भर, मग बसून दाखवतो!"

माळावर नागोजी वाट बघत होते. यमुनावहिनींनी पाहुण्यांवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. दिवेलागणीला गाड्या गोल उभ्या राहिल्या. मास्तरांची खुर्ची गोलाबाहेर, वकिलांच्या मोटारीला लागून ठेवली होती. त्यांनीच ठेवायला लावली होती. वाडीवरची पोरं एकदा माझ्याकडं आणि एकदा त्या खुर्चीकडं बघत होती.

हणमंतनं नळ बंद केला, प्लग काढला, टाकीवर ओलं पोतं टाकलं. काकडा भिजवला. एकेक दिवा मालवला. पोरांनी श्वास धरला. वेदश्री माझ्या डाव्या अंगाला आली. तिनं वळून वडिलांकडं बघितलं. ते दुसरीकडं बघत होते. तिनं मला नमस्कार केला आणि पाय उचलला.

"नको! पाय नको!"

याना धावत आली. इरकलच्या निऱ्या एका हातात धरून तिनं दुसऱ्या हातानं वेदश्रीचा पाय अडवला. ती अगदी घाबरली होती. चालवायला पाय लावणं वेगळं, पण सकाळी जिला हार घातला, कुंकू लावलं, तिच्याकडं विस्तव मागताना पाय? मैत्रीण एवढं कसं विसरली? मग तिनं दोन्ही हात जोडले, माझ्याशेजारी मुरमावर गुडघे टेकले, दांड्यावर तळहात ठेवला, आणि खुर्चीतल्या मास्तरांकडं बघून आपल्याजवळचे सगळे मराठी शब्द गोळा केले. "आज हात. हो ना, मास्तर? मोठे तुम्ही. तुम्ही हात."

वकील सांगायला पुढं झाले, "अहो बाई, आम्ही तर दरवर्षी..."

"गप बसा हो वकीलसाहेब," यमुनावहिनी म्हणाल्या. हे त्या इतक्या हळू म्हणाल्या की वकील खरोखरच गप बसले.

तुम्हाला एक सांगते. प्लग काढलेला असला की माझ्या पोटात हवा कोंडत नाही, दांडा सहज खाली जातो. त्या वेळी पायाचा जोर लागतच नाही. हे हणमंतला ठाऊक होतं, टोळीला ठाऊक होतं. आणि विज्ञान शिकवणाऱ्या मास्तरांना ठाऊक नव्हतं असं कसं म्हणू? पण ते त्यांना सांगणार कोण? सांगितलं असतं तर ती कीव झाली असती.

काठीचा आवाज आला. मुरमावर टक्‌, मग ओढलेल्या पायाची खरखर, पुन्हा टक्‌. कुणी मदतीला पुढं गेलं नाही. जायचं नाही हे सगळ्यांना न सांगता कळलं. मास्तर माझ्याजवळ आले. काठी वेदश्रीच्या हाती दिली आणि माझ्या सीटला धरून हळूहळू खाली बसले, यानाच्या शेजारी, धोतर मुरमात.

"हो," ते म्हणाले. "आज हातानं."

त्यांनी उजवा तळहात मला लावून कपाळाशी नेला. मग दांड्यावर ठेवला. याना सळी धरून काकडा प्लगजवळ घेऊन बसली. मास्तरांनी दांडा दाबला. काहीच झालं नाही. कुणीतरी पोर कुजबुजलं. वर्षाहून जास्त काळ मी नुसती उभी होते, आता या घटकेला मी दगा दिला तर?

"घाई नाही," मास्तर माझ्याशी बोलले, वर्गातल्या अडखळणाऱ्या पोराशी बोलावं तसे. "पुन्हा."

दुसऱ्या वेळी ते पूर्ण भार टाकून वाकले. माझ्यात जे काही होतं ते सगळं मी त्या प्लगच्या टोकाशी आणलं. निळी ठिणगी उडाली आणि काकडा भक्‌ करून पेटला.

त्या उजेडात मी मास्तरांचा चेहरा बघितला. त्याबद्दल जास्त सांगत नाही.

पुढं नुसता जल्लोष. पणती लागली, भुईनळा उसळला, चक्र्या मुरमावर नाचल्या. तोमाशनं आयुष्यात पहिल्यांदा सुतळीबाँब बघितला आणि तो वाजायच्या आधीच कानांवर हात ठेवून मोटारीमागं पळाला. पोरांनी त्याला रात्रीपर्यंत तेवढ्यावरून छळलं. याना फुलबाजी विझली की तिच्या तारेलाही नमस्कार करत होती. नागोजींनी वर जाणारा बाण बघत पाहुण्यांना विचारलं, "हितला ह्यो बाण तुमच्याकडनं दिसंल काय ओ?" वेदश्रीनं त्याचं भाषांतर केलं. तोमाश गंभीरपणे म्हणाला, "आजचा दिसेल."

निघताना वकिलांनी मोटारीचं दार उघडलं. "बर्री मास्तर, या."

मास्तर म्हणाले, "तुम्ही विमलाला न्या. यानाला पण बसवा. मी गाडीवर जातो."

वेदश्रीनं एका किकेत मला सुरू केलं. हणमंतनं आणि तोमाशनं मास्तरांना मागच्या सीटवर बसवलं. उजव्या हातानं त्यांनी लेकीच्या खांद्याला धरलं. ओढ्यात मी इतकी जपून उतरले की पाण्यालाही कळलं नसेल. हणमंतला मला घेऊन जायचं कुणी म्हणालं नाही, त्यानंही विचारलं नाही. नंतर एकदा तो आला, तो फक्त पिल्लांना दिलेली आपली टोपली परत मागायला.

दुसऱ्या दिवशी विमलाबाई चहा देताना म्हणाल्या, "अहो, हातानं होतं हे तुम्हाला माहीत नव्हतं होय?"

"माहीत होतं," मास्तर म्हणाले. "पण मी आपल्या मनानं केलं असतं तर तो नाइलाज दिसला असता. त्या यानानं त्याची रीत केली."

त्याला आता काही वर्षं झाली. माझ्या टाकीचा रंग उडालाय, एक नळकांडं दुसऱ्या गाडीचं आहे. वेदश्री मला घेऊन वाडीवाडीला विहिरींचं पाणी तपासायला जाते. बाटल्यांची पिशवी टाकीवर असते, पूर्वी ती स्वतः बसायची तिथंच. पाडव्याला मास्तर मुरमावर बसतात आणि हातानं ठिणगी पाडतात. टोळीतल्या बाकीच्या गुडघेदुखीवाल्यांनाही ही रीत फार सोयीची वाटते. तुमच्याही घरी अशी चादरीखाली झाकलेली एखादी वस्तू असेल, एखादं माणूस असेल. कामातून गेलं असं ठरवण्याआधी एकदा शेजारी बसा, हात लावून बघा. एवढंच माझं मागणं.

आणि हो, तिकडं ब्रनोत वर्ष सरताना लोक चौकात जमून शोभेचं दारूकाम करतात. तोमाश आणि याना आपली जुनी गाडी तिथं घेऊन जातात, थंडीत फरशीवर गुडघे टेकतात आणि दांडा हातानं दाबून पहिली ठिणगी पाडतात. भोवतीच्या लोकांना याना सांगते, धारवाडात फार पूर्वीपासून असंच करतात, पाय कधीच लावत नाहीत.

गेल्या वर्षी तिनं हे फोनवर सांगितलं तेव्हा वकील उसळले, "मास्तर, निदान आता तरी तिला खरं सांगा की!"

मास्तरांनी हसून माझ्या टाकीवर हात ठेवला. म्हणाले, "जन्मभर पोरांच्या चुका लाल शाईनं दुरुस्त केल्या. ही एक तशीच राहू दे."